गेलेल्या गड्याची भरपाई

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय मी फक्त पास होण्यापुरता केला. पण मराठी विभागाच्या संपादक ताईंनी "तू कोडोलीची ना? मग मराठीतच लिहायचं!" असा दम दिला आणि मी अडकले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर दोष संपादकांचा, माझा नाही!

दुसरी कबुली म्हणजे हा लेख अमेरिकन फुटबॉलमधल्या एका नियमाबद्दल आहे. पान उलटू नका, प्लीज! कारण या नियमाची गाठ मला पडली ती अमेरिकेत नाही, तर कोडोलीत, आमच्या गल्लीतल्या कबड्डी मंडळाच्या कट्ट्यावर.

झालं असं, की यंदा दिवाळीनंतर आमच्या मंडळाचा सगळ्यात भारी चढाईपटू कोल्हापुरातल्या एका मोठ्या संघात जायला निघाला. (नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.) त्याच्या आधी महिनाभर आमचा एक कोपरारक्षकही गेला होता. त्या संघाला मंडळाचं ना-हरकत पत्र हवं होतं. आमचे अण्णा दिवसभर दुकान सांभाळतात आणि संध्याकाळी मैदानावर पोरं घडवतात. अण्णांनी सही करायला साफ नकार दिला.

"बारा वर्षांचा होता तवा आणला ह्याला मैदानावर. पायात चप्पल नव्हती. पोरगं घडवायचं आम्ही, आन् मिरवायचं दुसऱ्यानं? आमाला काय मिळालं?"

माझा दादा मंडळाचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "अण्णा, पोराचं वय निघून जाईल. अडवू नका." अण्णा म्हणाले, "मग माझी भरपाई कोण देणार, तू?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मलाही दोघांचं पटत होतं. त्या रात्री न्यू जर्सीतल्या माझ्या मामेभावाचा फोन आला. हा पठ्ठ्या अमेरिकन फुटबॉलचा वेडा. मी सहज त्याला ही गोष्ट सांगितली, तर तो हसायलाच लागला. "अगं, यावर इकडे फॉर्म्युला आहे!" फॉर्म्युला म्हटल्यावर इंजिनिअरिंगच्या मुलीला झोप येणं शक्यच नव्हतं...

आधी खेळाडू येतो कुठून?

अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, थोडक्यात एनएफएल. तिच्यात ३२ संघ आहेत. चेंडू अंड्यासारखा, आणि नाव फुटबॉल असलं तरी खेळ जास्त करून हातानेच. या लेखापुरतं एवढं पुरे.

महत्त्वाची गोष्ट ही की तिथे नवीन खेळाडूंचा लिलाव होत नाही, तर वाटप होतं. याला 'ड्राफ्ट' म्हणतात. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास कॉलेजमधून बाहेर पडणारी मुलं ३२ संघ पाळीपाळीने निवडतात. एकूण सात फेऱ्या. गेल्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा पहिला नंबर आणि जो जिंकला त्याचा शेवटचा. म्हणजे गल्लीत टीम पाडताना आपण करतो तसंच, फक्त इथे कच्च्या संघाला आधी मागायला मिळतं! निवडीच्या या प्रत्येक संधीला 'पिक' म्हणतात. (शेतातलं पीक नव्हे. पण पुढे बघा, तेही जुळतंय.)

ड्राफ्टमधून आलेला खेळाडू पहिली चार वर्षं ठरलेल्या, तुलनेने कमी पगारावर खेळतो. संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याला वरून मर्यादा असते. त्यामुळे स्वस्तात मिळालेला चांगला नवा गडी म्हणजे सोनंच. म्हणूनच पिकला एवढी किंमत.

चार वर्षं झाली आणि करार संपला, की तो खेळाडू मोकळा. कुठल्याही संघाशी बोलणी करावीत, जो जास्त देईल त्याच्याकडे जावं. जुना संघ त्याला सहसा अडवू शकत नाही. ना-हरकत पत्र वगैरे काही नाही. ही पद्धत १९९३ साली सुरू झाली.

आता अण्णांचा प्रश्न तिथेही आलाच. ज्याने चार वर्षं मेहनत घेतली त्या संघाचं काय? त्यावर काढलेला तोडगा म्हणजे भरपाईचा पिक.

फॉर्म्युला

नियम ऐकायला साधा आहे. ज्या संघाने करार संपलेले खेळाडू जास्त गमावले आणि कमी घेतले, त्याला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जादा पिक मिळतात. १९९४ च्या ड्राफ्टपासून हे चालू आहे. हे जादा पिक तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी येतात. एका संघाला जास्तीत जास्त चार.

तिसऱ्या फेरीचा की सातव्या फेरीचा, हे कसं ठरवायचं? गेलेल्या खेळाडूला नव्या संघाने वर्षाला सरासरी किती पगार दिला, तो किती वेळ मैदानावर खेळला आणि त्याला मोसमात मानसन्मान मिळाले का, या तीन गोष्टींवरून. यात सर्वांत जास्त वजन पगाराला. म्हणजे 'आमचा गडी लाखात एक होता हो' असं जुन्या संघाने सांगून चालत नाही. दुसऱ्याने त्याच्यासाठी काय मोजलं, त्यावरून त्याची किंमत ठरते.

एक उदाहरण घेऊ. समजा एका संघाचे तीन खेळाडू गेले. हिशेबाने एकाची किंमत तिसऱ्या फेरीची, दुसऱ्याची पाचव्या आणि तिसऱ्याची सातव्या फेरीची. त्याच काळात या संघाने बाहेरून एक खेळाडू घेतला, त्याची किंमतही पाचव्या फेरीची. तर आलेला पाचवा गेलेल्या पाचव्याला खोडतो. उरले दोन. संघाला तिसऱ्या फेरीचा एक आणि सातव्या फेरीचा एक, असे दोन जादा पिक मिळणार.

पण तीन गेले आणि तशाच किमतीचे तीन आणले तर? शून्य! कितीही रडा, शून्य. भरपाई गेलेल्यांची नसते, निव्वळ तोट्याची असते. अकाउंट्सवाल्यांना हे लगेच कळेल, आपल्याला थोडा वेळ लागतो.

आणखी दोन अटी. संघाने स्वतःहून काढून टाकलेला खेळाडू या हिशेबात धरत नाहीत. स्वतःच घालवला त्याचं दुःख कसलं? आणि ड्राफ्ट झाल्यानंतर ठरावीक तारखेच्या पुढे झालेले करारही धरत नाहीत. हुशार संघ याचा बरोबर फायदा घेतात. आपली माणसं मार्चमध्ये जाऊ देतात, स्वतः मात्र दुसऱ्यांनी काढून टाकलेले खेळाडू घेतात किंवा तारीख उलटेपर्यंत थांबतात. बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ यात पक्का मुरलेला. आजवर सर्वांत जास्त भरपाईचे पिक त्यांनीच मिळवलेत.

आता तुम्ही म्हणाल, सहाव्या-सातव्या फेरीच्या शेवटचा पिक म्हणजे गाळच की! तर ऐका. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर एक मुलगा घेतला. तो पिक भरपाईचा होता. त्या मुलाचं नाव टॉम ब्रेडी. त्याने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला, त्यातले सहा पेट्रियट्ससाठी. गेलेल्या गड्यांच्या बदल्यात मिळालेल्या उरल्यासुरल्या संधीतून असं पीक आलं!

गंमत पुढेच आहे. मार्च २०२० मध्ये ब्रेडीचा करार संपला आणि तो टॅम्पा बे संघाकडे गेला. पेट्रियट्सना त्याच्याबद्दल २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीच्या शेवटी ९६ वा पिक मिळाला. आला भरपाईतून आणि गेला तो भरपाई देऊन!

आपल्याकडे काय?

मामेभावाचं लेक्चर संपल्यावर मी विचार केला, आपल्या कबड्डीत असं काही आहे का? उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. 'बाहुबली' म्हणून सगळ्यांना माहीत आहेच. २०१८ साली प्रो कबड्डीच्या सहाव्या मोसमात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच मोसमात पठ्ठ्याने चढाईचे २१८ गुण मिळवले! एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनी त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. जवळपास चौपट. त्या वर्षी एका संघाला पूर्ण टीमसाठी खर्चायला मिळत होते ४ कोटी ४० लाख. म्हणजे एका गड्यावर एक तृतीयांश रक्कम!

मग यू मुंबाला भरपाई काय मिळाली? काहीच नाही. प्रो कबड्डीत जुन्या संघाच्या हातात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे नियमात बसतील तेवढे खेळाडू लिलावाआधीच राखून ठेवणे. दुसरी म्हणजे लिलावात शेवटची बोली लागली की 'तेवढेच पैसे आम्ही देतो' म्हणून गडी परत मिळवण्याचं एक कार्ड. आयपीएलमध्येही याच धर्तीचं कार्ड आपण बघितलंय. पण ही भरपाई नव्हे. बाजारभावाने आपलाच गडी पुन्हा विकत घ्यायची ती परवानगी. खिशात पैसे असतील तर उपयोग. आमच्या अण्णांच्या खिशात काय, चहाची उधारी!

इथे माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळला. यू मुंबाने सिद्धार्थला घेतलं तेव्हा तो काही शून्यातून आला नव्हता. एवढा खेळाडू गावातल्या मैदानावर, कुणाच्या तरी नजरेखाली, वर्षानुवर्षं घडतो. त्या मैदानाचं काय?

अमेरिकेतही तेच. ब्रेडी गेल्यावर पेट्रियट्सना पिक मिळाला. पण ब्रेडी कॉलेजचं फुटबॉल खेळला मिशिगन विद्यापीठाकडून. २००० साली पेट्रियट्सनी त्याला उचललं तेव्हा विद्यापीठाला लीगकडून भरपाई? शून्य. तो एवढा गाजलेला फॉर्म्युला ३२ श्रीमंत संघांच्या आपापसातला आहे. श्रीमंताचा गडी गेला तर भरपाई, गावचा गेला तर टाळ्या!

खालपर्यंत पोचणारा नियम

मग असा नियम कुठेच नाही का, जो बाराव्या वर्षी चप्पल नसलेल्या पोराला मैदानावर आणणाऱ्यापर्यंत पोचेल? आहे. आणि तो आहे कोल्हापूरकरांच्या लाडक्या खेळात, खऱ्या फुटबॉलमध्ये!

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे मी सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावं, पण शाहू स्टेडियमवर तिथे कुस्ती नाही, फुटबॉल चालतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता, तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीला चिकटले होते.

जागतिक फुटबॉलची संघटना फिफा हिने २००१ साली असा नियम आणला, की करार चालू असलेला खेळाडू एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के बाजूला काढायचे. ते पैसे वाटायचे कुणाला? तर वयाच्या १२ व्या ते २३ व्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबनी त्याला घडवलं, त्या सगळ्यांना. १२ ते १५ या चार वर्षांसाठी त्या ५ टक्क्यांतला दर वर्षी विसावा भाग आणि १६ ते २३ या आठ वर्षांसाठी दर वर्षी दहावा भाग. बेरीज करून बघा, बरोबर १०० टक्के होते. (मी दोनदा केली.)

समजा एक मुलगा १२ ते १५ या वयात एका छोट्या क्लबकडून खेळला आणि मोठेपणी १ कोटी रुपयांना परदेशी क्लबकडून दुसऱ्या परदेशी क्लबकडे गेला. ५ टक्के म्हणजे ५ लाख. त्याचा विसावा भाग २५ हजार. चार वर्षांचे मिळून त्या छोट्या क्लबला १ लाख! शिवाय २३ वर्षांच्या आतल्या खेळाडूसाठी प्रशिक्षणाची वेगळी भरपाईही असते. मुलगा पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा ती लागू होऊ शकते.

दोन्ही नियमांत फरक कुठे आहे ते लक्षात आलं? अमेरिकेचा नियम विचारतो, 'गेला कुणाचा?' फिफाचा नियम विचारतो, 'घडवला कुणी?' अण्णांचा प्रश्न दुसरा होता.

पण फिफाच्या नियमाला एक कडक अट आहे. तो मुलगा त्या वर्षी तुमच्याकडे होता याची अधिकृत नोंद पाहिजे. नोंद नाही तर पैसे नाहीत. 'सगळ्या गावाला ठाऊक आहे' हा पुरावा चालत नाही!

परत कट्ट्यावर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन कट्ट्यावर गेले. म्हटलं, अण्णांना फॉर्म्युला दाखवते, खूश होतील. सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मग आपला तोटा काढ की."

मी पेन उघडलं. गेलेले किती? दोन. एक चढाईपटू, एक कोपरारक्षक. आलेले किती? इथे सगळे गप्प. मग दादानेच हळूच सांगितलं, "गेल्या वर्षी शेजारच्या गावातनं दोन आणले होते."

दोन गेले, दोन आले. त्यातला एक तर चढाईपटूच. निव्वळ तोटा शून्य!

मी विचारलं, "त्या गावाला आपण काय दिलं होतं, अण्णा?" अण्णा काहीच बोलले नाहीत. मलाच कसंतरी झालं. मी भरपाई मागायला वही घेऊन गेले होते आणि वहीत निघालं देणं. त्या गावातही असेच कुणीतरी अण्णा असतील. त्यांनीही त्या दोघांना बारा वर्षांचे असताना मैदानावर आणलं असेल. आम्ही तेव्हा फटाके वाजवले होते.

मित्रांनो, हा नियम मला शिकवून गेला तो एवढाच. गेलेला गडी सगळ्यांना दिसतो, आलेला कुणी मोजत नाही. भरपाईचा हक्क सांगायचा असेल तर आधी दोन्ही रकाने भरावे लागतात. आणि भरपाई म्हणजे अडवणूक नव्हे. अमेरिकेत आणि फिफातही खेळाडूला आधी जाऊ देतात, हिशेब नंतर करतात. आपण उलटं करतो. हिशेब काहीच ठेवत नाही आणि दार मात्र धरून बसतो. मग भुर्दंड भरतो तो त्या पोराने, ज्याच्याकडे खेळायची मोजून आठ-दहा वर्षं असतात.

थोडा वेळ गेला. मग अण्णांनी दादाकडून तो कागद मागून घेतला आणि सही केली. वर त्या चढाईपटूला म्हणाले, "जा. पण सुट्टीला आलास की बारक्या पोरांना शिकवायला मैदानावर यायचं. हीच माझी भरपाई." तो अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो की अण्णा. तुम्ही बोलवायच्या आधी येतो."

त्यानंतर आम्ही एक काम केलं. मंडळाचं रजिस्टर सुरू केलं. आजवर नव्हतंच! कोण कधी आला, तेव्हा वय किती, कोण कुठे गेला, कोण कुठून आला. दादा वहीत लिहितो, मी एक्सेलमध्ये भरते. 'आलेले' हा रकाना मुद्दाम पहिला ठेवलाय. आणि त्या शेजारच्या गावाच्या मंडळाला आमच्या मैदानावर सामने खेळायला बोलावलंय. येण्याजाण्याचा खर्च आमचा. रक्कम छोटी आहे, पण सुरुवात तर झाली.

कबड्डीच्या संघटना उद्या फिफासारखा नियम करतील की नाही ते मोठ्या लोकांनी बघावं. पण केलाच, तर त्या दिवशी पुरावा लागेल आणि तो गावागावातल्या रजिस्टरमध्येच असेल. तुमच्या गल्लीत, तालमीत, मंडळात असं रजिस्टर आहे का? नसेल तर या सुट्टीत घरी गेल्यावर एक वही विकत घ्या. शंभर पानी पुरे. आणि पहिल्या पानावर गेलेल्यांच्या आधी आलेल्यांची नावं लिहा.